मैनेची बारी

राजुरीच्या यात्रेत, भर घाटात, सयाजीनं महंमद हनीफच्या डोक्यावरचा फेटा एका हिसक्यात उतरवला. दोन्ही अंगाच्या बांधावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. हनीफ घोडीवरून खाली उतरला, उघड्या डोक्यानं लगाम हातात धरून गर्दीतून निघून गेला, आणि मागं वळून त्यानं एकदासुद्धा पाहिलं नाही.

सन दोन हजार एकचा चैत्र होता तो. चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावाकडच्या माणसाला घरात करमत नाही. गावोगाव यात्रा, आणि यात्रा म्हटली की घाट. म्हणजे बैलगाडे पळवायची चढाची धावपट्टी. चार बैल, मागं हलका लाकडी गाडा, गाड्यावर माणूस कुणी नाही. बैलांच्या पुढं घोडी. ती पळते, तिच्या मागं बैल पळतात, आणि वर निशाणापाशी घड्याळवाला सेकंद मोजतो. अशी एक धाव म्हणजे एक बारी. सगळा खेळ बारा-तेरा सेकंदांचा, पण त्यापायी माणसं वर्षभर बैलांना लेकरांपेक्षा जास्त जपतात आणि बायका वर्षभर ते बोलून दाखवतात.

यात सगळी मदार घोडीवाल्यावर. घोडी फार पुढं काढली तर बैल नाद सोडतात, रेंगाळली तर अंगावर येतात. म्हणून हंगामाच्या पहिल्या बारीला गाडामालक स्वतःच्या हातानं घोडीवाल्याला फेटा बांधतो आणि हंगाम सरेपर्यंत तो फेटा त्याचा असतो. मधेच मालकानं तो उतरवला तर त्याचा अर्थ एकच होतो. या माणसानं घोडी दाबली. मुद्दाम मागं खेचून बारी घालवली. असा फेटा उतरलेला माणूस पुन्हा कुठल्याच घाटात उभा राहत नाही.

सयाजी शिनोलीचा. माणूस मनानं मोकळा, पण डोकं तापायला त्याला चूल लागत नसे. हनीफ जुन्नरचा, पिढीजात नालबंद. घोड्याबैलांना नाल ठोकायचे, लग्नसराईत नवरदेवासाठी घोडी द्यायची आणि यात्रांत तीच घोडी बैलांपुढं पळवायची, हा त्याचा धंदा. घोडीचं नाव मैना. लग्नात झूल घालून ती अशी संथ चालायची की नवरदेवाला झोप यावी, आणि घाटात सुटली की तिच्या टापांखालची माती बांधावरच्या माणसांच्या तोंडावर उडायची. बारा वर्षं सयाजीच्या गाड्यापुढं हनीफच होता. पावसाळ्याचे चार महिने जुन्नरात चाऱ्याचे हाल, म्हणून मैना शिनोलीला सयाजीच्याच गोठ्यात असायची. तिची जागा पाखऱ्याच्या शेजारी. पाखऱ्या म्हणजे सयाजीचा पुढच्या जोडीतला बैल, त्याचा जीव की प्राण. दोघं एकाच गव्हाणीत तोंड घालून खायची.

आणि राजुरीत असं झालं. बारी सुटली ती झकास सुटली. निम्म्याच्या वर घाट चढून झाला, आणि तिथं मैनेचा वेग तुटला. हनीफ मागं झुकलेला सगळ्यांनी पाहिला. मागोमाग बैलही ढिले पडले. पंधरा सेकंद! वारूळवाडीचा गाडा बारात आलेला. सयाजीचा मेव्हणा गोरख त्याच्या कानाशी होताच.

"दाजी, घोडी दाबली राव! डोळ्यानं बघितलं मी. मागं रेलून लगाम वढला त्यानं. पैसं खाल्लं कुणाचं तरी!"

सयाजीनंही डोळ्यांनी पाहिलं होतं. मग काय विचार करायचा राहिला? तो तीन ढांगांत हनीफपाशी पोचला आणि नको ते करून बसला.

फेटा घरी आणून त्यानं खुंटीला टांगला. साळुबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तो तिथून काढला, झटकला, घडी घालून पेटीत ठेवला आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "बारा वर्सं जो मानूस आपल्या घरचं पानी पितोय, त्याला इचारायचं तरी व्हतं." शिनोलीची यात्रा वीस दिवसांवर आली होती आणि गावच्या घाटात आपल्या गाड्यापुढं कुणाची घोडी धरायची, याचा निरोप सयाजीनं यात्रेच्या पंचांना द्यायचा होता. त्यानं दुसरी घोडी धरली की हनीफच्या नावावर कायमचा शिक्का बसणार होता, हे त्याला कळत होतं. म्हणूनच निरोप जात नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी हनीफ स्वतःच आला. डोकं उघडंच. मैनेला बाहेर बांधून तो ओट्याच्या पायरीवर बसला. वर आला नाही.

"सयाजीभाऊ, फेटा मागायला न्हाई आलो," तो म्हणाला. "एक सांगायला आलोय. मी दाबली न्हाई. तिनंच वेग तोडला. त्या हिसक्यानं मी तिच्या मानेवरून पुढं फेकला जानार व्हतो, म्हनून मागं रेललो. लोकांनी माझं रेलनं बघितलं, तिचं थांबनं कुनी न्हाई बघितलं."

"अन् ती का थांबली म्हनं?" गोरखनं विचारलं.

"त्येच मला कळंना. तीन दिवस झोप न्हाई मला."

गोरख हसला. "घोडी आपल्या मनानं थांबती व्हय? उद्या म्हनशील, घड्याळ बी तिनंच लावलं!"

आतून साळुबाई दारात आली. हाताला पीठ तसंच. "एवढं बोलन्यापरीस तिचा लगाम काढा अन् पळवा की तिला. लगामच न्हाई तर दाबनार कोन?"

पुरुषमाणसं एकमेकांकडं बघायला लागली. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही याचा राग प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता.

गावाखालच्या माळावर सरावाचा घाट होता. तासाभरात तिथं निम्मं गाव जमलं. हनीफनं मैनेच्या तोंडातला लगाम काढला, खोगीर उतरवलं आणि नुसत्या पाठीवर बसला. मग गोरखला म्हणाला, "हात बांध माझं. मागं बांध." गोरख जरा चरकला, पण त्यानं आपल्या उपरण्यानं त्याचे हात पाठीमागं बांधले. मैनेच्या अंगावर आता माणसाचा हुकूम चालवील असं काही उरलं नव्हतं.

सयाजीचे बैल सुटले आणि मैना उसळली. मांड्यांच्या पकडीवर हनीफ कसा टिकून होता देव जाणे. सयाजी घाटाच्या मध्यावर उभा होता आणि त्याची नजर मैनेच्या कानांवर होती. पळणाऱ्या घोडीचे कान पुढं असतात. हिचे मागं वळलेले होते, दोन्हीच्या दोन्ही. ती पुढं धावत होती आणि मागचं ऐकत होती. निम्मा घाट झाला, आणखी थोडा झाला, आणि तिथंच तिनं पावलं आखूड केली. हिसक्यानं हनीफचं अंग पुढं गेलं; तोल सावरायला तो मागं रेलला, हुबेहूब राजुरीसारखा, आणि त्याचे हात पाठीमागं बांधलेले होते. मैनेनं मान वळवून मागं पाहिलं. तिच्या मागोमाग बैल मंद झाले.

शेवटी गोरखच म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता, "शिकवली असंल. अमक्या जागंवर थांबायचं म्हनून."

"मग दुसरं बैल जुप," हनीफ म्हणाला.

शेजारच्या हौशीरामचे चार बैल जुंपले. मैना खालपासून वरपर्यंत अशी गेली की हौशीरामच घाबरला. मग सयाजीचेच बैल पुन्हा आणले, फक्त पाखऱ्याच्या जागी हौशीरामचा एक बैल घातला. मैना पुन्हा तशीच गेली, कुठंही न अडखळता, कान पुढं रोखून, वाऱ्यावर.

म्हणजे ती घाटातल्या जागेवर थांबत नव्हती, घोडीवाल्यासाठीही थांबत नव्हती. ती पाखऱ्यासाठी थांबत होती.

सगळ्यांची डोकी एकदमच पाखऱ्याकडं वळली. तो बाजूला उभा होता. तुकतुकीत अंग, शिंगांना तेल, बघत राहावं असा देखणा. हनीफचे हात सोडले तसा तो पाखऱ्यापाशी गेला आणि उकिडवा बसून त्याच्याकडं बघत राहिला. पाय बघायची नालबंदाची नजर ती. "भाऊ," तो हळूच म्हणाला, "ह्यो पुढल्या पायाचं कोपरं बाहीर काढून उभा हाय. छातीला लागू देत न्हाई. कधीपास्नं?"

सयाजी वाकून बघायला लागला. आठ वर्षं या बैलाला तो रोज स्वतःच्या हातानं खरारा करत होता, आणि हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

घोडेगावाहून जनावरांचे डॉक्टर दुपारी आले. त्यांनी पाखऱ्याच्या वशिंडामागं कातडी चिमटीत धरून दाबली. निरोगी बैल अशा वेळी पाठ खाली घेतो; हा ताठ झाला आणि कण्हला. एवढा मोठा बैल, पण कण्हणं आजाऱ्या माणसासारखं. डॉक्टर म्हणाले, पोटात काहीतरी टोकदार आहे. त्याला उभ्यानंच भूल देऊन, डावी कूस उघडून त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. बराच वेळ चाचपून हात बाहेर काढला तेव्हा त्यांच्या चिमटीत बोटभर तार होती. एका टोकाला अजून प्लास्टिकच्या फुलाचा पिवळा तुकडा चिकटलेला.

सयाजीनं तो तुकडा ओळखला. गेल्या वर्षी पहिला नंबर आला तेव्हा मिरवणुकीत त्यानं स्वतः पाखऱ्याच्या गळ्यात घातलेला तो हार होता. रात्री हार काढायचा राहिला होता आणि सकाळी गोठ्यात त्याचं निम्मंच उरलं होतं. तेव्हा सगळे हसले होते, पाखऱ्यानं आपला मान खाल्ला म्हणून.

"पळताना ही पुढं सरकत होती," डॉक्टर म्हणाले. "काळजापासून एवढी लांब होती." त्यांनी दोन बोटं एकमेकांजवळ आणून दाखवली. "आणखी एखादी जोराची बारी, आणि हा घाटातच बसला असता. माणसाला बाहेरून कळायचं नाही हे. तुम्हाला कळलं कसं?"

सगळे अंगणातल्या मैनेकडं बघत होते. ती कडब्याच्या पेंढीत तोंड खुपसून खात होती. आठ पावसाळे तिनं या बैलाच्या शेजारी काढले होते. त्याचा श्वास, त्याचं रवंथ, त्याच्या पावलांचा ताल, सगळं तिच्या कानात होतं. पुढं पळता पळता, पाठमोरी असताना, हजार माणसांच्या आरड्याओरड्यात तिनं त्यातलं एक चुकलेलं पाऊल ऐकलं होतं. सयाजीला वाटलं, या जनावरापुढं हात जोडावेत. आणि त्यानं जोडले, सगळ्यांच्या देखत, लाज न वाटता.

हनीफ तोवर घोडीला सोडून घेऊन निघाला होता. सयाजी त्याला थांबवायला धावला, आणि वाट अडवून उभा राहिला. हनीफच म्हणाला, "भरल्या घाटात काढलाय, भाऊ. अंगनात नको बोलू काई." आणि गेला.

शिनोलीच्या यात्रेत सयाजीच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा घाट दोन्ही बाजूंनी माणसांनी फुलला होता. निवेदक नेहमीच्या जोशात ओरडत होता. खाली बघितलं आणि त्याचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. गाडा नव्हता, जू नव्हतं. पुढं मैना, तिच्या पाठीवर उघड्या डोक्याचा हनीफ. त्याला आणायला साळुबाई स्वतः जुन्नरला जाऊन आली होती. लगाम नाही. मागं पाखऱ्या एकटा, कुशीवर टाक्यांची रेघ. आणि त्याच्या बाजूनं अनवाणी सयाजी, हातात घडी घातलेला फेटा.

मैना चालायला लागली. पळाली नाही, चालली. वरातीत चालते तशी. पाखऱ्या तिच्या मागं. बारा सेकंदांच्या त्या घाटात लोक मिनिटं मोजत बसले, आणि एकानंही शिट्टी वाजवली नाही. राजुरीची कहाणी एव्हाना साऱ्या तालुक्याला ठाऊक झाली होती. निम्म्याच्या वर घाट चढून झाला आणि तिथं मैना थांबली. मान वळवून तिनं पाखऱ्याकडं पाहिलं. तो दमानं तिच्यापर्यंत आला, तिच्या बरोबरीला उभा राहिला, आणि मग दोघं एकदमच पुढं निघाली. बांधावरच्या म्हाताऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढून हातात घेतल्या.

वर निशाण धरून गोरख उभा होता. त्यानं ते खाली केलं, पण घड्याळवाल्याकडं बघायची त्याची छाती झाली नाही. निवेदकानं मोठ्या कष्टानं विचारलं, "किती सेकंद?" घड्याळवाला म्हणाला, लावायचं राहिलं.

सयाजी हनीफच्या पुढ्यात उभा राहिला. साऱ्या घाटाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "ह्यो फेटा मी काढला, ती माझी चूक व्हती. घोडी दाबली न्हाई कुनी. घोडीनं माझा बैल राखला, अन् ह्यानं घोडी."

हनीफ घोडीवरून उतरला आणि त्यानं डोकं पुढं केलं.

"बांध," तो म्हणाला. "मागल्या बारीला ढिला बांधला व्हतास, म्हनून एका हिसक्यात निघाला. आता असा बांध की तुज्या बी हातानं निघायचा न्हाई."

सयाजी बांधायला लागला. घट्ट बांधायच्या नादात पहिला पेच सुटला, दुसरा सुटला. तिसऱ्या वेळी गोरखनं निशाण खाली ठेवलं आणि पुढं होऊन फेट्याचं दुसरं टोक धरलं.