एकदा म्हणजे हो

कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या बटणावर चिकटपट्टीचा एक तुकडा होता — कडा मळलेल्या, मधोमध बोटाच्या टोकाएवढा गुळगुळीत खळगा — आणि ही पट्टी तिच्या ओळखीची होती. बाबांच्या गळ्यातल्या नळीभोवती हीच लागायची, कोपरे गोल कापून, म्हणजे कातडीला टोचत नाहीत. बटणाला काय टोचणार होतं... तरी याचेही कोपरे त्यांनी गोल कापले होते. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस. चिकटपट्टीलाही हद्द आखून देणारा.

ती संगणक रिकामा करायला आली होती. "दादा संध्याकाळी संगणक न्यायला येतोय, तेवढं आतलं सगळं पुसून ठेव," आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती, जणू डबा पुसून ठेव म्हणावं तशी. पडदा उजळेपर्यंत हातांना काही उद्योग हवा म्हणून तिने हेडफोन कानांवर चढवला. आत बाबांच्या तेलाचा वास होता. आणि मग, टुंग — कानात एकदम माणसं.

"...घरात आधीच सांगून बसावं ना. खेळ ऐन रंगात येतो आणि हा चहाला पळतो."

"वहिनी, माझी बायकोसुद्धा एवढं बोलत नाही."

खेळणाऱ्यांच्या गप्पांची खोली. संगणक सुरू झाला की आपोआप उघडत असावी. पडद्यावर नावं होती — वहिनी, कंडक्टर, आणि सगळ्यांत खाली, नुकतंच उजळलेलं, नकाशा. म्हणजे बाबा.

"थांब रे. नकाशा आले? नकाशा?"

ती दचकली, हात पट्टीच्या बटणावर टेकला, आणि बाबांच्या नावाभोवती हिरवं कडं पेटून विझलं. टिक.

"आले. मी म्हणत नव्हते? काय हो, तपासणीला जाऊन येतो म्हणालात आणि पत्ताच नाही. बरं आहे ना आता?"

"त्यांना जरा दम खाऊ द्या, वहिनी. नकाशा, विसरला नाहीत ना? एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही."

असं होतं तर. गळ्याच्या ऑपरेशनने आवाज गेला, खेळता खेळता लिहायला सवड नाही, म्हणून टिचकी. आणि ती मात्र फोनवर एकटीच बोलत राहायची, तिकडून नुसता श्वास, मग — बरं, ठेवते हं बाबा. फोनवर टिचकी मारता आली नसती का? घरात कुणालाच सुचलं नाही. सुचलं ते या कधी न पाहिलेल्या माणसांना. कारण त्यांना उत्तर हवं होतं.

सांगायला हवं. बटण दाबलेलं असेतो माईक उघडा राहत असावा; दाबून धरायचं आणि सांगायचं. आठवडाभर तिने बँकेत सांगितलं होतं, गॅसवाल्याला सांगितलं होतं, एका वाक्यात, सराईतपणे. पण तिथे बाबा आधीच नव्हते... इथे आहेत. इथे अजून बरे आहेत.

तिने एकदा दाबलं.

"झकास. आज तुम्ही खेळू नका, नुसतं सांगा. नेहमीचंच मैदान आहे, तुम्हाला पाठ. पुलावरून जाऊ?"

कुठला पूल... तिने घाबरून दोनदा दाबलं. पावलं मागे फिरली, आणि पाठोपाठ पुलाच्या दिशेने गोळ्यांचा कडकडाट.

"वाचलो. म्हातारा पक्का आहे."

तिच्या छातीत काहीतरी फुगलं — अभिमान, तोही चोरीचा. आता पुरे. पुढच्या वेळी कुणीतरी तिच्या शब्दावर जाऊन मरेल. खेळातच, पण बाबांच्या नावावर.

"नकाशा," वहिनींचा आवाज खाली आला, "लेक आली का हो? येणार, येणार म्हणून रोज लिहायचात."

आली. एक दिवस उशिरा आली. खोलीत कुणी नव्हतं, तरी तिने मान खाली घातली, आणि पट्टीच्या खळग्यात बोट ठेवून एकदा दाबलं. सबंध दुपारचं हे पहिलं खरं उत्तर.

"अरे वा. मग आता आम्हाला कोण विचारतो. जवळच बसलीय का?"

तिने दाबलं — आणि बोट उचललं नाही. उचलवेना. खळगा तिच्या बोटाला मोठा होता. कडं हिरवं होऊन तसंच राहिलं, आणि त्यातून खोली तिकडे जात राहिली — पंखा, तिचा श्वास, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "पुसलंस का गं सगळं?"

तिकडे गोळीबार चालू होता. पण बोलणं थांबलं.

"नकाशा?" वहिनी म्हणाल्या. मग हळूच, "कोण आहे तिथे?"

या प्रश्नाला एकदा चालत नव्हतं, दोनदाही नाही. मी आहे... मी. ओठ हलले, आवाज निघाला नाही. आणि पहिल्यांदाच तिला कळलं की न निघणारा आवाज गळ्यात नेमका कुठे अडतो. तिने बोट दाबून धरलं. तिकडे ते थांबले होते. त्यांना सवय होती.