पाठीवरचे चार थेंब

मला रडू लवकर येतं, हे आधीच सांगून टाकते. कीर्तनात बुवांनी नुसता अभंग हाती घेतला की माझा पदर डोळ्यांशी जातो. अकोल्यातल्या आमच्या मंडळाच्या बायका मला पहिल्या ओळीत बसू देत नाहीत. म्हणतात, "पार्बताबाई, तू रडली का बुवाचं ध्यान तुह्याकडंच जाते. आमी काय नुसत्या सतरंज्या उचलाले येतो का व?"

म्हणून माझ्या भाचीनं, अपेक्षानं, अमरावतीहून फोन केला तेव्हा पहिली अट तीच घातली.

"मावशी, शनिवारी तुह्या घरून स्पर्धेले जाईन. पण रडाचं नाई."

"आनंदाच्या कामात मी कावून रडू?"

"आई म्हंते, तू माह्या बारशालेही रडली होती."

अपेक्षा कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते, आणि पहाटे पाचला व्यायामशाळेत जाते. स्पर्धा होती बायकांच्या शरीरसौष्ठवाची. दोन वर्षं लागोपाठ पोरगी चौथी आली होती. पहिल्या तिघी राज्यपातळीवर जातात. चौथीला कोणी मेडल देत नाही, वरून सगळे म्हणतात, "थोडक्यात राह्यलं व!" यंदाही चौथी आली तर सोडून देईन, असं ती बोलून बसली होती. तिची आई मंजुषा, माझी धाकटी बहीण, धसक्यानं आलीच नाही. म्हणाली, निकाल लागला की फोन करा.

माझ्या यजमानांना, खुशालरावांना, कपड्यांची चिंता. "अंगावर कपडा किती राह्यते?"

"तुमी आखाड्यात काय धोतर नेसून उतरत होते?" मी विचारलं.

शनिवारी सकाळी अपेक्षा आली, सोबत तिची मैत्रीण अलीझा. अपेक्षाच्या पिशवीत डबेच डबे. देह नाशवंत आहे असं आमचे भगवंतबुवा सांगतात, पण अपेक्षाचा देह दर तीन तासांनी काट्यावर मोजलेला भात मागत होता. माझ्या हातचा शिरा तिनं नुसता हुंगला आणि बाजूला सरकवला. तेव्हाही मला भरून आलं होतं, पण मी स्वयंपाकघरात जाऊन आले.

मग अलीझानं स्नायू उठून दिसावेत म्हणून अंगाला लावायच्या काळ्या रंगाची बाटली काढली. स्पंज घेऊन ती अपेक्षाला रंगवायला लागली, मानेपासून टाचेपर्यंत. खुशालराव ओसरीतून ओरडले, "भिंतीले दोन हात पुरतेत. पोरीले तीन?"

"काका, स्टेज की लाइट में दो हाथ तो गायब हो जाते," अलीझा म्हणाली.

मंजुषानं जन्मभर पोरीला बेसन आणि साय चोळली, गोरी व्हावी म्हणून. अलीझानं दोन तासांत तिला विठोबाच्या रंगाची करून टाकली. मी तर तिथंच हात जोडले.

"मावशी, आता हात लावाचा नाई," अपेक्षानं बजावलं. "पाणी लागलं का ओघळ पडते. ओघळ पडला का नंबर गेला."

सभागृह खच्चून भरलं होतं. मी खजूर घेऊन स्टेजच्या मागं गेले. दारावरच्या बाईंना सांगितलं, मी सख्खी मावशी. आत एक पोरगी भिंतीला पाय लावून आडवी पडली होती, दुसरी बादली उचलून दंड फुगवत होती. अपेक्षा रबराचा पट्टा ताणत होती.

"मावशी, यंदाही चौथीच येईन वाटते."

"बुवा सांगतेत, एकदा उभं राह्यलं का मांगं पाहाचं नाई."

"अवं, माही पाठच त सगळ्यात चांगली हाय! मांगं वळावंच लागन."

तेवढ्यात पुकारा झाला. दोघी जणी झाल्या की तिचा नंबर. अपेक्षा वाकली. रंग जाऊ नये म्हणून माझ्या पायांपासून बोटभर वरच हात थांबवले आणि हवेतच नमस्कार केला. माझे हात मी मागं बांधून ठेवले होते. आणि तिची अख्खी पाठ माझ्या डोळ्यांखाली आली. नुकत्याच नांगरलेल्या काळ्या वावरासारखी, सरीवर सरी. ह्याच पाठीला मी बाळंतघरात तेल चोळलं होतं, तेव्हा ती माझ्या तळव्याएवढी होती.

चार थेंब पडले. ती उभी राहिली आणि चारही थेंब सरळ कमरेपर्यंत धावत गेले.

अलीझानं किंकाळी मारली. "मावशी! ये क्या किया!"

"हात नाई लावला व मी! शपथ!"

"हाथ नहीं लगाया, पर नाला छोड़ दिया!"

काळ्या पाठीवर चार पांढरट रेघा. रंगाची बाटली आमच्या घरी, बंगईवर झोके घेत पडलेली. अपेक्षा मान वळवून स्वतःची पाठ बघायला धडपडत होती.

मला पांडुरंगानंच सुचवलं म्हणायचं. माझ्या कमरेच्या पिशवीत बुक्क्याची आणि अष्टगंधाची डबी कायम असते, कीर्तनाला येणाऱ्यांच्या कपाळी लावायला. बुक्का काळा, अष्टगंध केशरी. मी दोन्ही तळहातावर ओतलं, अलीझानं अंगाला लावायच्या तेलाचे थेंब टाकले आणि बोटानं कालवलं.

"मावशी, और काला डालो."

"लय झाला?"

"अब थोडा केसरी. बस! बस!"

शेवटची रेघ बुजली आणि अपेक्षाचा नंबर पुकारला.

मी धावत खुशालरावांच्या शेजारी येऊन बसले. अपेक्षानं दंड दाखवले, पोट दाखवलं, आणि मग वळली. दोन्ही हात वर गेले, पाठ उघडली, आणि सभागृहातून एकच आवाज उठला. खुशालराव उभे राहून ओरडले, "माउली!" पुढं बसलेल्या एका पंचानं नाक वर केलं, इकडंतिकडं हुंगलं, आणि देवळात बसल्यासारखा पायावरचा पाय काढून सरळ बसला.

निकाल खालून सांगत आले. पाचवी वाशीमची. मग माइकवाला म्हणाला, "चौथा क्रमांक, अमरावतीची..."

मी खुशालरावांचा हात करकचून धरला. अमरावतीहून दोघी आल्या होत्या. नाव दुसरीचं निघालं.

त्यानंतरचं मला काही ऐकू आलं नाही. अपेक्षा तिसरी आली, हे मला खुशालरावांनी हलवून हलवून सांगितलं.

ती मेडल घालून धावत आली, तशी मी मागं सरकले. "दूर राह्य व! मी रडून राहिली!"

"आता रड. पोटभर रड," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी कपाळ टेकवलं. माझ्या लुगड्याचा पदर काळा झाला, त्याला अजून बुक्क्याचा वास येतो.

खुशालरावांनी मंजुषाला फोन लावून माझ्या हाती दिला. मी फोनात नुसते हुंदके देत होते.

"ताई, सांग न! कितवी आली?" मंजुषा पलीकडून ओरडत होती. "तू रडून राहिली त मले काय समजन? तू त बारशालेही रडली होती!"

मी फोन अपेक्षाकडे दिला. तीही रडत होती. शेवटी अलीझानंच तो ओढून घेतला.

"आंटी, तीसरी आई! स्टेट पक्का! और मावशी का बुक्का खतम!"