माझे दहा सेंटिमीटर

मी एक जुनी कापडी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात लोंबत असते ना, तसलीच. पण शिंप्याकडे मी कधी गेले नाही, माझं सगळं आयुष्य विणकामाच्या पिशवीत गेलं. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा कोणावरही विश्वास नाही. ज्याचं पोट दुसऱ्यांना मोजण्यावर चालतं त्याचा स्वभाव असाच होतो. कोणी म्हणतं, "माझी कंबर लग्नातल्याइतकीच आहे." मी मनात म्हणते, ये इकडे, बघू.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कापडाच्या लांबलचक पट्टीवर रंगाचा रूळ फिरला आणि माझ्या अंगावर रेघा आणि आकडे उमटले. दोन्ही टोकांना पितळी पत्रा ठोकला. मग एका तपासनिसाने मला टेबलावर ठोकलेल्या पोलादी पट्टीशेजारी ताणून धरलं, डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "ही पास." माझ्यापुढच्या दोघी नापास होऊन टोपलीत गेल्या होत्या. तेव्हापासून मला वाटायला लागलं की जगात खरं काय ते मलाच ठाऊक. त्या तपासनिसाने मला पुन्हा कधी पाहिलं नाही, ही गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही.

माझ्या मालकिणीने मला विकत घेतलं तेव्हा तिला सातवा महिना होता. पहिलं माप तिने वाटीवर घेतलं, कारण बाळाचं डोकं केवढं असेल याचा तिला अंदाज नव्हता. ते टोपरं बाळाला अगदी बरोबर बसलं. पुढे त्या बाळाची छाती, बाही, गळा दरवर्षी मी मोजला. शेजारपाजारच्या बायका विचारायच्या, "तुमचं स्वेटर असं अंगासरशी कसं बसतं हो?" मालकीण मला वर धरून म्हणायची, "माझी टेप खोटं बोलत नाही." हे ऐकून मी किती फुगले असेन! तशी मी फक्त दीड मीटरची.

तीस वर्षं तिने एकाच दुकानातली एकाच जातीची लोकर वापरली. किती टाके घातले की किती रुंदी भरते हे तिच्या बोटांना पाठ होतं. मग दोन वर्षांपूर्वी ते दुकान बंद झालं. आता दर वेळी वेगळी लोकर यायला लागली. वेगळी लोकर आली की आधी हाताएवढा चौकोनी नमुना विणायचा, त्यावर टेप ठेवून दहा सेंटिमीटरात किती टाके बसतात ते मोजायचं आणि त्यावरून, वहीत पूर्वीच लिहून ठेवलेल्या अंगाच्या मापांप्रमाणे, पूर्ण स्वेटरचे टाके काढायचे. म्हणजे आता सगळा भार माझ्यावर आला. मला त्याचा अभिमानच वाटला.

आणि नेमकं तेव्हापासून बिनसलं. मुलाचं स्वेटर झालं, त्यात तो आणि त्याची उशी दोघं मावले असते. शेजारणीची बाही बोटांच्या खाली गेली. "धुतल्यावर आटेल," मालकीण म्हणाली. आटलं नाही. तिसरं स्वेटर तिने कोणी बघायच्या आत उसवून टाकलं आणि मला ते काही बरं वाटलं नाही.

ती कशाला घाबरली होती ते मला माहीत होतं. तिची थोरली बहीण, तिला सगळे ताई म्हणायचे, तीही विणायची. ताईचं विसरणं टाक्यांपासून सुरू झालं होतं. आधी ती टाके चुकायला लागली, मग दिवस, शेवटी माणसं. मालकीण तिच्याशेजारी बसून सगळं बघत होती. आता ती स्वतःचे टाके तीन-तीनदा मोजायची आणि कोणी खोलीत आलं की हात थांबवायची.

मी काय केलं? मी संशय घेतला. पहिला संशय नव्या लोकरीवर. ती पिशवीत माझ्या बाजूलाच असायची, गुबगुबीत आणि गप्प. गप्प बसणाऱ्यांवर माझा जास्तच डोळा असतो. दुसरा संशय सुयांवर. आणि तिसरा, सगळ्यात मोठा, सुनेवर. ती बाल्कनीचं दार ओढून घेऊन फोनवर बोलायची. पिशवी दाराजवळच्या कपाटाच्या मुठीला टांगलेली असायची, त्यामुळे मला ऐकू यायचं. "आईंना सांगायचं कोणी? मला भीती वाटते," असं ती म्हणाली. आणि मग बाहेर येऊन गोड आवाजात, "आई, विणकामाचं संमेलन भरतंय. आपण दोघी जाऊ. मी तुमचं नाव एका वर्गाला घातलंय." मी म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. जी बाई सुईला भाला समजते तिला विणकामाचं एवढं प्रेम कुठून आलं?

मालकिणीने हातातल्या सुया खाली ठेवल्या. मग म्हणाली, "येते. पण तिथेही माप चुकलं, तर या सुया मी कोणाला तरी देऊन टाकीन. मला उगाच आग्रह करायचा नाही."

संमेलन एका मोठ्या सभागृहात होतं. दारातच मनगटाला कागदी पट्टी बांधली. मालकिणीची पट्टी सैल झाली, सुनेची घट्ट. मी लगेच नोंद केली की इथे कोणी मापात नाही. आत टेबलांच्या रांगा होत्या आणि त्यांवर लोकरीच्या लडी ढिगाने. बायका लडी गालाला लावून पाहत होत्या. एक विक्रेती म्हणाली, "ही शंभर टक्के मेंढीची, हात लावून बघा, पोराच्या गालासारखी." दुसरी म्हणाली, "तिच्याकडची घेऊ नका, गोळे येतात." तिसरी म्हणाली, "घ्या कुठूनही, पण एकाच घाण्यात रंगवलेली घ्या, नाहीतर पुढचा भाग एक आणि पाठ एक." ही तिसरी खरं बोलत होती, म्हणून मी तिच्यावर जास्तच नजर ठेवली.

मालकीण जांभळट राखाडी लडीपाशी थांबली. तिने ती हातात घेतली, वजन अजमावलं आणि परत ठेवली. पुन्हा उचलली. "घ्या ना," सून म्हणाली. "आधी वर्ग होऊ दे," मालकीण म्हणाली. हे ऐकून सुनेने मान दुसरीकडे वळवली. का वळवली? मी तेव्हा म्हटलं, बघा, तोंड लपवते.

पुढच्या टेबलावर सुया होत्या. मालकिणीने एका सुईची लांबी पाहायला मला काढलं. शेजारी विकायला ठेवलेली एक नवी कोरी टेप पसरलेली होती. आम्ही दोघी क्षणभर बाजूबाजूला आलो आणि मला धक्का बसला. माझ्या दहाच्या रेघेसमोर त्या पोरीचे अकरा! काय हा कलियुगाचा कारभार! कानामागून आली आणि तिखट झाली. सेंटिमीटरसुद्धा आखूड काढायला लागले म्हटल्यावर माणसाने विश्वास ठेवायचा कोणावर? मालकिणीचं लक्ष अजून त्या राखाडी लडीकडे होतं, तिला काही दिसलं नाही. मी गुंडाळी होऊन पिशवीत परत गेले आणि पार वर्ग सुरू होईपर्यंत रागाने धुमसत राहिले.

वर्ग वरच्या मजल्यावर होता. बारा खुर्च्या, मधे लांब टेबल. शिकवणारी चष्मेवाली होती आणि तिच्या हातात पोलादी पट्टी होती. मला ती पट्टी आवडली नाही. आमच्याशेजारी एक निवृत्त बस ड्रायव्हर बसले होते, ते नातीसाठी मोजे शिकायला आले होते. चष्मेवालीने सगळ्यांना एकसारखी लोकर आणि एकसारख्या सुया वाटल्या. "चौकोन विणा आणि दहा सेंटिमीटरात किती टाके ते मला सांगा," ती म्हणाली. "न मोजता स्वेटर सुरू करणारे आणि नकाशा न बघता प्रवासाला निघणारे सारखेच."

"मी अठ्ठावीस वर्षं नकाशाशिवाय गाडी चालवली," ड्रायव्हर म्हणाले.

"एकाच रस्त्यावर ना?"

"हो, ते खरं."

मालकिणीचा चौकोन सगळ्यांत आधी झाला. किती सुबक होता तो! एकही टाका ढिला नाही. सून विणत नव्हती, नुसती सासूच्या हातांकडे बघत होती. मालकिणीने मला चौकोनावर पसरलं, टाचण्या लावल्या, दोनदा मोजलं. "चोवीस," ती म्हणाली.

चष्मेवाली आली. तिने पोलादी पट्टी ठेवली आणि पेन्सिलच्या टोकाने मोजलं. "बावीस येतात, काकू. पुन्हा मोजा बरं."

मालकिणीने पुन्हा मोजलं. ओठ हलवत, एकेक टाक्यावर बोट ठेवून. चोवीस. पट्टीने पुन्हा बावीस.

"काही हरकत नाही, होतं असं," चष्मेवाली म्हणाली आणि पुढच्या खुर्चीकडे गेली. ते तिने अशा मऊ आवाजात म्हटलं की त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

मालकिणीने सुया चौकोनातून ओढून काढल्या. टाके सुटे झाले. त्या सुया तिने सुनेच्या हातात दिल्या आणि हळूच म्हणाली, "चल घरी. ताईचं असंच झालं होतं. मोजायची आणि तिला वेगळंच दिसायचं."

माझं सगळं लक्ष सुनेवर होतं. मी म्हटलं, आता दिसेल हिचं खरं रूप. आता म्हणेल, मी सांगतच होते. पण तिचे डोळे भरले होते. तिने चौकोन स्वतःकडे ओढला, मला त्यावर पसरलं आणि मोजायला लागली. जिला सुई नीट धरता येत नाही तिला निदान मोजता येत होतं. एकदा मोजलं. कपाळाला आठी पडली. पुन्हा मोजलं.

"आई," ती म्हणाली, "मलाही चोवीसच येतायत."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"अहो खरंच. मग माझंही डोकं गेलं का?" ती उठली, चष्मेवालीच्या हातातली पट्टी घेऊन आली आणि तिने मला त्या पट्टीशेजारी ताणून धरलं. पट्टीशेजारी येण्याचा तो जन्मानंतरचा पहिला प्रसंग होता. मला पळून जायचं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे मला त्या टेबलावर कळलं, कारण माझ्या दहाच्या रेघेसमोर पट्टीचे अकरा होते. नवी पोरगी आखूड नव्हती. मी लांबले होते.

टेबलाभोवती सगळे गोळा झाले. "हिला काही टांगलं होतं का?" चष्मेवालीने विचारलं.

मालकीण आठवत राहिली. "पिशवीचा बंद तुटला होता. हिचं टोक बंदाच्या भोकात ओवून कपाटाच्या मुठीला बांधायची मी. दोन वर्षं. पिशवीत लोकर, पुस्तकं, मोठी कात्री, सगळंच."

"मग ताणणारच," ड्रायव्हर म्हणाले. "आमच्या इंजिनाचा पट्टा ताणला की आम्ही पट्टा बदलायचो. ड्रायव्हर नाही बदलायचो."

मालकीण हसायला लागली. हसता हसता रडायला लागली आणि पदराने डोळे पुसत पुन्हा हसली. "टेप ढिली झाली होती गं. मी नाही. मी नाही," असं ती सुनेचा हात धरून सांगत होती. मला लाज वाटली. दोन वर्षं ती माझ्यामुळे जागत होती आणि मी लोकरीवर डोळा ठेवून बसले होते. आपलं ठेवायचं झाकून, ते हे असं.

कोणीतरी म्हणालं, "टाकून द्या ती." मालकीण म्हणाली, "का? पिशवी मी टांगली होती." तिने पेन मागून घेतलं आणि माझ्या पाठीवर लिहिलं, "मापाला घेऊ नये." मला ते वाचता येत नाही, कारण ते माझ्या पाठीवर आहे, पण सुनेने मोठ्याने वाचलं.

परतताना दोघी सभागृहाबाहेरच्या बाकावर बसल्या. जांभळट राखाडी लडी पिशवीत माझ्याशेजारी आली होती, आणि ती नवी टेपही. सून मनगटावरची कागदी पट्टी सोडवत होती. मग म्हणाली, "आई, मलाही तेच वाटलं होतं. ताईंसारखं. मी फोनवर बहिणीशी तेच बोलायची. मला तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून वर्गाला आणलं. वाटलं, बाहेरचं कोणी सांगेल."

म्हणजे माझा संशय खरा होता, मित्रांनो. पण खरा ठरल्याचा मला काहीच आनंद झाला नाही. मालकिणीला ते लागलं. तिने तोंड फिरवलं. रस्त्यावरून दोन बस गेल्या.

"विचारायचं होतंस," ती शेवटी म्हणाली.

"कसं विचारू?"

"ते मलाही सांगता आलं नसतं." मग तिने पिशवीत हात घातला आणि नवी टेप काढली. "उभी राहा. हात वर कर."

"इथे? लोक बघतायत."

"बघू देत. सहा वर्षं झाली तुला घरात येऊन, तुझं माप मी कधी घेतलंच नाही." आणि त्या रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तिने सुनेच्या छातीभोवती टेप गुंडाळली आणि आकडा मोठ्याने म्हटला. पिशवीत बसून मी तो ऐकला. तपासायला मी नव्हते, आणि मी तो तसाच मानला.

मित्रांनो, एक मागणं आहे. आमच्यासारख्यांना पिशव्या टांगू नका, आणि वर्षातून एकदा तरी पोलादी पट्टीशेजारी धरून बघा. आम्ही कितीही छाती फुगवली तरी आमच्यावर डोळे मिटून विसंबू नका. आणि घरातलं कोणी म्हातारं माणूस चुकायला लागलं, तर आधी त्याचा चष्मा बघा, त्याच्या डोक्यावरचा दिवा बघा, त्याच्या हातातली टेप बघा. त्याच्या डोक्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्या. आणि घ्यायचाच असेल, तर त्याच्यासमोर बसून घ्या.