रंगांची आकाशवाणी

आश्विनाचे ऊन सांगोल्याच्या माळावर नुसते तापत नाही, पिकते. वाळल्या कुसळांवर ते लोळते, डाळिंबाच्या बागांतून वाकून वाकून फिरते आणि दुपार कलू लागली की गच्च्यांवर येऊन अंमळ टेकते. अशाच एका ऊनभरल्या, पिवळ्याधमक गच्चीवर विश्रामराव राजमाने बसले होते. त्यांच्यापुढे धुतलेल्या पंच्यावर एका यो-योचे दोन उघडेवाघडे अर्धे भाग चमकत होते.

यो-यो अॅल्युमिनियमचा, लेथवर कातलेला, आरशासारखा घासलेला. नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसे देऊळ गाठतात, विश्रामरावांनी रंग गाठले. धातू आम्लजलात बुडवायचा, त्यातून वीज खेळवायची, की त्या रुपेरी त्वचेवर डोळ्यांना न दिसणारी रंध्रे उमलतात. ती तृषार्त रंध्रे कोमट रंग पितात. शेवटी उकळत्या पाण्यात रंगासकट मिटतात, आणि मग तो रंग घासून जात नाही की धुऊन जात नाही.

आणि मौज पाहा, या रंगवेड्या गृहस्थाला लाल आणि हिरवा यांतला भेद जन्मापासून दिसत नव्हता. दोन्ही मातकट, दोन्ही सारखे. लहानपणी बागेत भावंडे "ते बघ डाळिंब!" म्हणून धावत सुटत आणि हा पोरगा पानांच्या गर्दीत पानेच पाहत उभा राही. पोरे हसली, हसून हसून गडबडा लोळली. त्या दिवशी त्याने हे गुपित जे पोटात घातले ते घातलेच. पुढे बायकोलाही त्याचा वास लागू दिला नाही. निदान त्यांची तशी समजूत होती.

मग रंग जमत कसे? जमत, कारण शेजारी शालनताई असत. मांडीवर सूप, सुपात तांदूळ आणि तोंडाला खळ नाही. "अहो, लाल पातेल्याचं झाकण सरकलंय बघा." "हिरवा आज लईच गर्द झाला की." "लग्नाला डाळिंबी नेसू का पोपटी?" रंगावाचून त्यांचे वाक्यच पुरे होत नसे. विश्रामराव कान देऊन ऐकत, नेमके टिपत, आणि वर पाहुण्यांसमोर मिशीत हसत म्हणत, "आमच्याकडं रंगांची आकाशवाणी हाय. पहाटे सुरू होती, बंद करायची कळच न्हाई." पाहुणे हसत. शालनताईही हसत.

आजचा यो-यो भाचीचा, केतकीचा होता. पुण्यातल्या स्पर्धेत ती तो फिरवणार होती. "मामा, डाळिंबी पाहिजे. आपल्या मातीतला. लोकांनी स्टेजखाली येऊन विचारलं पाहिजे, कुणी रंगवला." तेव्हापासून विश्रामरावांचे पाय जमिनीला लागत नव्हते. दोन पातेल्यांत दोन रंग ऊन होत होते, एक डाळिंबी, एक दुसऱ्या कामासाठी हिरवा. शालनताईंच्या बोलण्याच्या आधाराने पहिला अर्धा भाग डाळिंबीत न्हाऊन निघाला, सुरेख निघाला.

"अहो, ते लाल पातेलं जरा—"

"गप बस की जरा, शालन! तुझ्या बडबडीनं हात चळतोय माझा."

शालनताईंनी एकदा वर पाहिले. सूप उचलले आणि जिना उतरून गेल्या.

गच्चीवर शांतता पसरली. ऊन सरकले, तशी विश्रामरावांनी दोन्ही पातेली टाकीच्या सावलीत ओढून घेतली; त्या ओढाओढीत डावे-उजवे बदलले. आणि मग त्यांचा हात हवेतच राहिला. यातले लाल कुठले? वाकून पाहिले, हुंगून पाहिले, बोट बुडवून उन्हात धरले. मातकट. दोन्ही मातकट. जिन्यावरून एक हाक मारली असती तरी काम झाले असते. पण हाक मारवेना. आत्ता जिला गप केले, तिलाच विचारायचे? त्यांनी डोळे मिटून एक पातेले निवडले. मग उकळते पाणी. मग रंध्रे मिटली.

संध्याकाळी केतकी मैत्रिणींना घेऊन आली. विश्रामरावांनी रुमालाची घडी उलगडली, अगदी दागिना दाखवावा तशी. एका मुलीने ओढणी तोंडाशी नेली.

"मामा," केतकी चाचरत म्हणाली, "ही बाजू हिरवी कशी?"

विश्रामरावांच्या कानशिलांतून आग निघाली. साठ वर्षांपूर्वीची ती सगळी बाग पुन्हा हसू लागली. धरणी दुभंगेल तर बरे, असे त्यांना मनापासून वाटले.

"मीच सांगितलं तसं," दारातून शालनताईंचा आवाज आला. "पानाबिगर डाळिंब कुणी बघितलंय का गं?"

"अय्या! खरंच की!" केतकीने दोरी बोटात अडकवून यो-यो सोडला. तो गरगरत खाली गेला, गरगरत वर आला. "मामा, काय डोकं आहे तुमचं!" मुली टाळ्या पिटत निघून गेल्या. विश्रामरावांची मान मात्र वर झाली नाही. चुकीची लाज होतीच. त्या टाळ्यांची लाज तिच्याहून जड होती.

परसात डाळिंबाचे एकच झाड होते. शालनताई त्याच्या बुडाशी पाणी घालत होत्या. विश्रामराव मागे येऊन उभे राहिले.

"मला दोन्ही सारखंच दिसतं, शालन."

"ठाऊक हाय."

"कधीपासनं?"

"बघायला आला होता तुम्ही. म्हणालात, हा लाल रंग तुम्हाला शोभतो. हिरवी नेसले होते मी. पोरगा चेष्टा करतोय म्हणून घरची सगळी हसली. मला न्हाई हसू आलं." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तवापासनं बोलतेय."

आणि विश्रामरावांच्या कानात सारा संसार पुन्हा बोलू लागला. लाल पातेले, पोपटी साडी, पिकला टोमॅटो, हिरवी मिरची, हिरवा गर्द, लाल फिका. एकेक शब्द त्यांच्यासाठी वेचून, निवडून, सुपातल्या तांदळासारखा. त्यालाच ते आकाशवाणी म्हणाले होते. चारचौघांत म्हणाले होते, आणि तीही हसली होती. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"बोल की गं," ते म्हणाले.

उतरते ऊन फांद्यांत थबकले होते. शालनताईंनी नवऱ्याचे मनगट धरले आणि तो हात पानांमधून हळूहळू आत नेला.

"हे हिरवं," त्या म्हणाल्या. "हे हिरवं. हेबी हिरवंच. आणि हे... हे बघा, लाल."

विश्रामरावांच्या तळहातात डाळिंब होते, दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट. मान खाली घालून ते ऐकत राहिले.