सही जुळत नसल्याबाबत

विषय : काचेच्या कपाटातून चार दिवस बाहेर सोडण्याबाबत.
संदर्भ : चॅम्पियनच्या मुलीचा अर्ज व त्यावरील शेरे.

महोदय, मी पटर बोलतोय. गोल्फमध्ये चेंडू लांबवर भिरकावणाऱ्या काठ्या वेगळ्या. चेंडू होलजवळ आला, की त्याला हलकेच आत ढकलणारी आखूड काठी म्हणजे मी. गाजावाजा त्यांचा, निकाल माझा.

घडवताना कारागिराची कानस जरा जास्त चालली आणि माझ्या टाचेला खोच पडली. म्हणून दुकानात मी कोपऱ्यात पडून होतो. मला उचललं ते मैदानावर गवत कापायचं मशीन चालवणाऱ्या एका माणसाने. त्याने खोचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "चल, म्हाताऱ्या." मी तेव्हा कोरा करकरीत होतो.

पुढे हा माणूस तीनदा चॅम्पियन झाला. प्रत्येक शेवटच्या टोल्याआधी खोचेवर अंगठा आणि तेच दोन शब्द. जिंकल्यावर पेपरवाले त्यांच्या मनगटाची तारीफ करत. हरल्यावर चौकशी माझी होई.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मला क्लबला दान दिलं. आज त्यांच्या नावाची स्पर्धा आहे, हॉल आहे, भिंतभर फोटो आहे आणि कुलपात मी आहे. खाली मखमल, डोक्यावर दिवा. पाटीवर माझी लांबी, वजन, सगळं लिहिलंय. खोचेचा उल्लेख नाही. बारा वर्षांत मी एक इंचही सरकलेलो नाही. त्याला इथे जतन म्हणतात.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी क्लबच्या सेक्रेटरींकडे आली.

"बाबांना माझं नाव आठवत नाही," ती म्हणाली. "पण अंगठा दिवसभर काहीतरी शोधत असतो. चमच्यावर, खुर्चीच्या हातावर. डॉक्टर म्हणतात, ओळखीची वस्तू हातात देऊन बघा. चार दिवस द्या फक्त."

"ताई, माझी काहीच हरकत नाही हो," सेक्रेटरी म्हणाले. हरकत नसलेली माणसंच जास्त अडवतात, हे मी काचेतून शिकलो. "पण दानपत्रात कलम आहे. वस्तू बाहेर काढायला दात्याची सही लागते."

कलम खुद्द चॅम्पियननीच घालून घेतलं होतं. पाहुण्यांनी फोटोसाठी मला उचलून फिरवू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन आली. त्यांनी तीनदा सही केली. हेडक्लार्कनी चष्मा पुसून तिन्ही सह्या दानपत्राशी लावून पाहिल्या.

"जुळत नाही. ही बघा, कोंबडीचे पाय."

"काका, सही जुळली असती तर मी अर्ज कशाला केला असता?"

"मग डॉक्टरांचा दाखला आणा."

"कसला?"

"स्मरणशक्ती गेल्याचा."

"तो आणला तर?"

हेडक्लार्क प्रामाणिक माणूस. "तर सहीच ग्राह्य धरता येणार नाही," ते म्हणाले.

एवढ्यात चॅम्पियन उठून भिंतीपाशी आले. स्वतःच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. "कोण हे? भारीच गंभीर दिसतात," एवढंच म्हणाले. मग मला पाहिलं. बरोबर माझ्या टाचेसमोर त्यांनी काचेवर अंगठा टेकवला आणि घासू लागले. काच गुळगुळीत. तरी घासत राहिले.

"चल, म्हाताऱ्या."

मुलीने तोंड फिरवलं. सेक्रेटरींचा हात किल्ली असलेल्या खणापर्यंत गेला. मग त्यांनी हेडक्लार्ककडे पाहिलं, हेडक्लार्कनी दानपत्राकडे, आणि हात रिकामाच परत आला.

"कमिटीपुढे ठेवतो," ते म्हणाले. "तातडीचं म्हणून."

शिपाई रोज सकाळी काच पुसतो. अंगठ्याचा ठसा तेवढा तो वगळतो. त्यासाठी त्याने कोणाची परवानगी घेतल्याचं ऐकिवात नाही.

महोदय, मला सुटका नको आहे. चार दिवस हवे आहेत, तेही त्यांचा अंगठा शोधतो आहे तोवर.

कमिटीच्या सभेत अर्जाचा विषय अकरावा होता. आठव्या विषयाला चहा आला आणि सभा तहकूब झाली. पुढची तारीख कळलेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.