श्री. बुजगावणे, मयत

मी बुजगावणं बोलतोय. सरकारदरबारी मात्र माझ्या नावाआधी 'श्री.' लागतं.

माझा जन्म तासाभरात उरकला. काकूंनी दोन बांबू एकमेकांवर आडवे-उभे बांधले, फुटक्या मडक्याचं डोकं बसवलं आणि अंगात नवऱ्याचा जुना शर्ट घातला. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. तुटलेलं बटण त्यांनी माझ्या अंगावरच टाचलं. म्हणाल्या, "नीट उभा राहा. ते कधी शेतात टिकले नाहीत."

मी नीट उभा राहिलो. तिथंच घोटाळा झाला.

पुढच्या पेरणीला बी घेण्यासाठी सरकार अनुदान देणार होतं; जो शेत कसतो, त्याला. पाहणीवाले साहेब आले, पण नवे बूट चिखलात घालवेनात. बांधावरूनच ओरडले, "ते उभे आहेत ते कोण?"

काकू खाली वाकून तण काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते होय? बुजगावणे!"

"पूर्ण नाव?"

"एवढंच!"

साहेबांनी लिहिलं : श्री. बुजगावणे, शेतात पूर्ण वेळ हजर. सोबत एक मजूर बाई.

महिन्याभरात अनुदान माझ्या नावे मंजूर झालं. काकूंनी मला खांद्यावर टाकलं आणि तडक कचेरी गाठली.

"या बुजगावणे, बसा," कारकून म्हणाला. मला वाकता येत नाही. "उभेच बरे? राहिलं."

"अहो दादा, हे बुजगावणं आहे!"

"मी कुठं नाही म्हणतोय? तेच तर लिहिलंय."

"माणूस नाही हो हा!"

"बाई, ज्यानं कामावर ठेवलं त्याच्याबद्दल असं बोलू नये."

काकूंचा आवाज चढला. "पेरणी तोंडावर आलीय, घरात मूठभर बी नाही. माझं नाव लावा!"

"मग यांची सही आणा. नाहीतर मृत्यूचा दाखला आणा, म्हणजे वारस म्हणून तुम्हाला मिळेल. नातं काय?"

काकू माझ्या शर्टाकडे बघत राहिल्या. "नवरा समजा."

"समजून चालत नाही, लिहावं लागतं."

"लिहा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझा बांबू हातात धरला, घड्याळ बघितलं आणि लिहिलं, 'नाडी नाही, श्वास नाही.' माझ्या अख्ख्या फायलीत तेवढं एकच वाक्य खरं आहे.

पैसे मिळाले. बी आलं, पेरणी झाली, पीक कमरेला लागलं. मग पाखरांची धाड आली. काकू मला घराच्या माळ्यावरून काढून शेतात न्यायला निघाल्या, तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "काकू, मेलेला माणूस शेतात दिसला तर दिलेले पैसे परत मागतील हं!"

काकूंनी मला परत माळ्यावर ठेवलं.

आता त्या एकट्याच डबा बडवत या बांधावरून त्या बांधावर धावतात. इकडून हाकललं की पाखरं तिकडं बसतात. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसलाय. माळ्याच्या खिडकीतून मला सगळं दिसतं. दिसून उपयोग काय?

वाचकहो, तुमची कुणाची कचेरीत ओळख असेल तर माझ्यासाठी एक अर्ज टाका. अनुदान नको. 'श्री.' तर मुळीच नको. मयत इसमास कापणीपर्यंत शेतात उभं राहायची परवानगी मिळावी, इतकंच लिहा. पण जरा पटपट हात चालवा. दाणा भरत आलाय.