चुकीच्या जागी उभा नऊ नंबर

मित्रांनो, सुप्याहून आमच्या वस्तीकडे येताना डाव्या हाताला केशरी डोक्याचा एक जुना दगड दिसतो ना, तो मी. माझ्यावर लिहिलं आहे, ‘सुपा ९’. पण ते खरं नाही. आज मला तेच सांगायचं आहे.

खाणीतून काढून, छिन्नीने घडवून मला इथे आणलं, तेव्हा मी मोरीच्या अलीकडे चाळीस पावलांवर उभा होतो. मोरी म्हणजे ओढ्याचं पाणी रस्त्याखालून नेणारा छोटा पूल. आसाराम नावाचे मैलकुली रोज हा रस्ता पायी तपासायचे. खड्डा लहान असतानाच मुरूम भरायचे, मोरीच्या तोंडातला पालापाचोळा काढायचे, दिवाळीआधी मला रंग द्यायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, “आसारामबापूंचा दगड नवरदेवासारखा दिसतोय.” मला फार बरं वाटायचं.

निवृत्त होताना आसारामबापूंनी कार्यालयात शेवटची नोंद लिहून घ्यायला लावली होती : नऊच्या दगडापुढे चाळीस पावलांवर मोरीची डावी कड खचते आहे. त्यांच्या जागी मात्र कोणी आलं नाही.

पुढे केबलसाठी चर खणताना मशीनने मला उपटलं. चालक वाईट माणूस नव्हता. काम झाल्यावर त्याने मला लिंबाखाली रोवलं आणि म्हणाला, “हितं झ्याक दिसतोय.” ती जागा साडेतीनशे पावलं मागे, सुप्याच्या बाजूला होती. कोणी मोजलं नाही. दगडाला ओरडता येत नाही.

मग जिल्ह्यातल्या शेकडो रस्त्यांच्या दुरुस्तीचा मोठा कार्यक्रम निघाला. अमृत नावाच्या तरुण इंजिनीअरने कार्यालयात बसून जुन्या नोंदींची यादी केली. ‘किमी नऊ, पुढे तीस मीटर, डावी कड.’ ‘मोरी’ हा शब्द तेवढा रकान्यात मावला नाही.

डांबराची गाडी आली. मुकादमाने माझ्यापासून टेप धरला. रंगुबाई नावाची मजूर बाई खाली बघून म्हणाली, “आवं, हितं तर खड्डाच न्हाई. डांबर कशावर वतायचं?”

“मावशे, यादी तू केली का? वत मुकाट्यानं.”

“चांगल्या रस्त्याला टिकली लावताय म्हना की!”

सगळे हसले. चांगल्या रस्त्यावर डांबर पडलं. मुकादमाने फोटो काढला, त्यात माझा आकडा स्वच्छ दिसत होता. यादीत लिहिलं गेलं, ‘काम पूर्ण’.

आणि मोरीची कड खचतच राहिली. वस्तीवरच्या सुकन्याताईंची दीपा शाळेच्या व्हॅनने रोज त्याच मोरीवरून जाते. एका सकाळी व्हॅनचं मागचं चाक कडेला घसरलं, अर्धं हवेत राहिलं. मुलं वाचली. सुकन्याताईंनी मोबाईलवर तक्रार केली. उत्तर आलं, काम पूर्ण, फोटो जोडला आहे. फोटोत मी होतो. मित्रांनो, खोट्या साक्षीदारासारखं वाटलं मला.

त्या गप्प बसल्या नाहीत. फोटो घेऊन आसारामबापूंकडे गेल्या, त्यांना इथे घेऊन आल्या. बापूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“आरं, तू हितं कसा? ह्यो मोरीपाशी हुता, पोरी. कुणी आनला ह्याला?”

तिसऱ्या फोनला अमृत आला. मोरीपर्यंत चालत गेला आणि परत आला.

“ताई, नोंद बंद झालीय. उघडायची तर चूक कुणाची ते लिहावं लागतं. पुढच्या वर्षीच्या यादीत नक्की घेतो.”

“माझी मुलगी उद्या सकाळी जाणार आहे, साहेब. पुढच्या वर्षी नाही.”

अमृतने खिशातून पेन काढलं. माझ्याच डोक्यावर कागद ठेवून त्याने लिहिलं : काम चुकीच्या जागी झाले, यादी मी जागेवर न जाता केली. खाली सही केली.

मग तो म्हणाला, “दगड तरी आजच जागेवर नेऊ.”

“नको,” सुकन्याताई म्हणाल्या. “मोरी होईपर्यंत राहू द्या. हा हलला, तर चूक कुठे झाली ते दाखवणार कसं?”

म्हणून, पुन्हा कोणी माझ्यापासून मोजू नये यासाठी, अमृतने माझ्या आकड्यावर लाल रंगाची फुली मारली.

मोरी अजून झालेली नाही. रोज सकाळी व्हॅन मोरीआधीच थांबते. मुलं उतरतात, हात धरून चालत पलीकडे जातात, मागून रिकामी व्हॅन हळूहळू येते. सुकन्याताई इकडे एकदा मुलं मोजतात, पलीकडे पुन्हा मोजतात.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी मोठ्या कामांच्या याद्या करील. तेव्हा दगडावरचा आकडा जरूर वाचा, पण एकदा चालत जाऊन जागा बघा. हातात घमेलं घेतलेली बाई काही सांगू लागली, तर काम थांबवून ऐका. आणि चुकलात, तर लिहा. फुली अंगावर घेऊन उभं राहणं जड जातं, पण खोटा आकडा मिरवण्यापेक्षा ते बरं.